आज फिर्यादीचा, उद्या कंपनीचा

इंग्लंडमध्ये नियामक गुन्हे आणि आर्थिक गुन्ह्यांचं काम करणाऱ्या एखाद्या किंग्ज कौन्सेलच्या, म्हणजे मानाचा दर्जा मिळालेल्या वरिष्ठ बॅरिस्टरच्या कामाची यादी वाचताना मराठी वाचक हमखास अडखळतो. पहिल्या ओळीत त्याने बांधकाम कंपनीवर हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह या कामाच्या ठिकाणची सुरक्षा पाहणाऱ्या सरकारी संस्थेतर्फे खटला चालवलेला असतो. दुसऱ्या ओळीत तशाच दुसऱ्या बांधकाम कंपनीचा त्याच एक्झिक्युटिव्हविरुद्ध बचाव केलेला असतो. तिसऱ्या ओळीत लाचखोरीचा खटला, मोठे आर्थिक गुन्हे हाताळणाऱ्या सिरीयस फ्रॉड ऑफिसच्या बाजूने. चौथीत त्याच ऑफिसच्या तावडीतून सोडवलेला संचालक. आपल्याकडे अशा माणसाला दोन दगडांवर पाय ठेवणारा म्हणतात, आणि ते काही कौतुकाने नाही.

इंग्लंडमध्येही अधूनमधून हा प्रश्न निघतो. कामगाराच्या मृत्यूचा खटला चालवणारा वकील पुढच्या महिन्यात कंपनीच्या पैशावर उभा राहणार असेल, तर नियामकांनी स्वतःचे पगारी वकीलच का ठेवू नयेत? माझं मत याच्या उलट आहे. दोन्ही बाजूंनी काम करण्याची ही रीत त्या व्यवस्थेतली सगळ्यात निरोगी गोष्ट आहे. बिघाड आहे, पण तो दुसरीकडे आहे.

आधी धंद्याची घडण. अशील येतं सॉलिसिटरकडे, आणि कोर्टात बाजू मांडायला सॉलिसिटर बॅरिस्टर नेमतो. बॅरिस्टर स्वतंत्र व्यावसायिक असतो, चेंबर्समध्ये बसतो, भाडं आणि क्लार्कचा खर्च इतरांबरोबर वाटून घेतो. चेंबर्स म्हणजे भागीदारी नव्हे, त्यामुळे एकाच चेंबर्सचे दोघे एकाच खटल्यात समोरासमोर उभे राहू शकतात आणि राहतात. त्यातच 'कॅब-रँक' नियम: काम आपल्या क्षेत्रातलं असेल, वेळ असेल आणि फी रास्त असेल, तर अशील आवडत नाही म्हणून ते नाकारता येत नाही. आंबेडकर ज्या ग्रेज इनमध्ये शिकले, ती आणि आणखी तीन अशा चार इन्समधूनच, म्हणजे बॅरिस्टरांच्या जुन्या संस्थांमधूनच, आजही बॅरिस्टर होता येतं. मग बारा महिन्यांची उमेदवारी. पहिले सहा महिने वरिष्ठाच्या मागे फिरायचं, पुढचे सहा मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात स्वतः उभं राहायचं. नियामक कामाची सुरुवात तिथेच होते: नगरपालिकेने हॉटेलच्या स्वयंपाकघरात उंदीर सापडले म्हणून भरलेला खटला, बेकायदा टाकलेला कचरा, वजनात मारलेला काटा. पुढे नियामकांसाठी तयार केलेल्या वकिलांच्या अ, ब, क याद्यांमध्ये नाव लागतं, आणि वर्षांगणिक क वरून अ कडे सरकतं.

किंग्ज कौन्सेल होण्यासाठी अलीकडच्या वर्षांतले महत्त्वाचे खटले दाखवावे लागतात, आणि न्यायाधीश, समोर लढलेले वकील आणि काम देणारे सॉलिसिटर यांचे अभिप्राय मागवले जातात. इथे नियामक वकिलाची खरी पंचाईत होते. कंपन्या बहुतेक वेळा गुन्हा कबूल करतात, त्यामुळे ज्युरीपुढे चाललेले मोठे खटले हातात थोडेच असतात. मग दाखवायचं काय? मृत्यूच्या चौकशा, फसवणुकीचे लांबलेले खटले, आणि 'न्यूटन हिअरिंग': गुन्हा कबूल, पण नेमकं काय घडलं यावर दोन्ही पक्षांचं एकमत नाही, म्हणून न्यायाधीशासमोर फक्त तेवढ्याच मुद्द्यावर होणारी सुनावणी. या सुनावणीत कोण कसा आहे हे कळतं.

आता कायदा. १९७४ च्या हेल्थ अँड सेफ्टी ॲट वर्क ॲक्टचं कलम २ कामगारांविषयीचं कर्तव्य सांगतं, कलम ३ बाहेरच्या लोकांविषयीचं. 'वाजवी रीतीने शक्य असेल तितकं' सुरक्षित ठेवायचं, एवढीच अट. पण कलम ४० ने पारडं फिरवलं आहे. धोका होता एवढं फिर्यादी पक्षाने दाखवायचं, आणि जे वाजवी होतं ते सगळं केलं हे कंपनीने सिद्ध करायचं. २००८ च्या चारगॉट खटल्यात हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. अपघात नेमका कसा झाला हे फिर्यादीला सिद्ध करावं लागत नाही, कारण गुन्हा अपघाताचा नसून धोक्याचा आहे. 'वाजवी' म्हणजे काय, याचं मापही जुनंच, १९४९ च्या एडवर्ड्स विरुद्ध नॅशनल कोल बोर्डचं: धोका एका पारड्यात, तो टाळण्याचा पैसा, वेळ आणि खटाटोप दुसऱ्या पारड्यात. दुसरं पारडं बेसुमार जड झालं, तरच सूट.

हे वाचून वाटेल की कंपनीला सुटकेला वावच नाही. दोषी ठरण्यापुरतं ते बहुतांशी खरं आहे. लढाई होते ती दंडाच्या तक्त्यावर, आणि दोन्ही बाजूंचा अनुभव कशासाठी लागतो ते तिथे दिसतं.

१ फेब्रुवारी २०१६ पासून लागू झालेल्या शिक्षेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आधी कसुराची पायरी ठरते: अतिउच्च, उच्च, मध्यम, कमी. मग हानी. प्रत्यक्ष काय इजा झाली यापेक्षा काय होऊ शकलं असतं हे आधी पाहायचं. मृत्यू किंवा जन्मभराचं परावलंबित्व म्हणजे अ, कायमची मोठी इजा म्हणजे ब, बाकी क. त्याला शक्यतेची जोड द्यायची, म्हणजे १ ते ४ पैकी एक श्रेणी मिळते. शेवटी कंपनीची उलाढाल: २० लाख पौंडांपर्यंत सूक्ष्म, १ कोटीपर्यंत छोटी, ५ कोटींपर्यंत मध्यम, त्यावर मोठी.

एक नमुना घेऊ. मोठी कंपनी, प्रेस मशीनचं संरक्षक जाळीचं दार उघडं राहत होतं, कामगाराचा हात गेला. एक्झिक्युटिव्ह म्हणतो: तक्रारी आल्या होत्या, कित्येक महिने हे चालू होतं, म्हणून कसूर उच्च. इजा ब, शक्यता जास्त, म्हणून श्रेणी २. तक्त्यात सुरुवातीचा आकडा ११ लाख पौंड. कंपनी म्हणते: व्यवस्था होती, फक्त नीट पाळली गेली नाही, म्हणून कसूर मध्यम. दार क्वचितच उघडं राहायचं, म्हणून शक्यता मध्यम आणि श्रेणी ३. सुरुवातीचा आकडा ३ लाख. किती जणांना धोका होता आणि इजा प्रत्यक्ष झाली का, यावरून हा आकडा पुढे वर सरकू शकतो. पहिल्याच टप्प्यावर कबुली दिली तर एक तृतीयांश सूट, म्हणजे बाकी काही न हलता एकीकडे साधारण ७ लाख ३३ हजार, दुसरीकडे २ लाख. आणि गुन्हा दोन्हीकडे एकच, कबुलीसुद्धा एकच.

एवढा फरक पडतो दोन विशेषणांमुळे, आणि विशेषणं ठरतात कागदांवरून. अपघात-नोंदवहीत फारसं काही मिळत नाही, ती सगळेच जपून लिहितात. खरा कागद असतो देखभाल विभागाने दाराच्या इंटरलॉक स्विचसाठी (दार उघडताच मशीन थांबवणारं बटण) पाठवलेल्या खरेदीच्या मागणीत, जी खर्चाच्या कारणाने कुणीतरी थोपवून धरली. किंवा सुरक्षा समितीच्या इतिवृत्तात, जिथे 'दाराबाबत पुढच्या बैठकीत' हे वाक्य तीन बैठकांत जसंच्या तसं येतं. एवढा एक कागद 'मध्यम'चं 'उच्च' करतो. तो कुठे असेल हे कुणाला ठाऊक असतं? ज्याने आधी चार कंपन्यांच्या बाजूने बसून असे कागद वाचले आहेत आणि ते समोरच्याच्या हाती लागतील म्हणून घाम पुसला आहे, त्याला. उलटही तितकंच खरं. ज्याने फिर्यादीच्या बाजूने खटले चालवले आहेत तो कंपनीला स्पष्ट सांगतो: 'मध्यम' टिकणार नाही, न्यूटन हिअरिंग मागू नका, हरलात तर कबुलीची सूटही कमी होईल. असा सल्ला वेळेवर मिळाला म्हणजे मृताच्या घरच्यांची दोन वर्षं वाचतात. नेहमी फक्त कंपन्यांचंच काम करणारा वकील हे सांगायला कचरतो, कारण पुढचं काम त्याच दारातून यायचं असतं.

फक्त फिर्यादीचं काम करणाऱ्या यंत्रणेचं काय होतं, याचं उदाहरण ब्रिटनने फार महागात पाहिलं. पोस्ट ऑफिसने होरायझन या संगणक प्रणालीतल्या तुटीवरून आपल्याच शाखाचालकांवर चोरीचे आणि खोट्या हिशेबाचे खटले भरले. एकूण ९०० हून अधिक लोक दोषी ठरले, त्यांतले सुमारे ७०० पोस्ट ऑफिसने स्वतः भरलेल्या खटल्यांत. पैसे गेले म्हणून ओरडणारा तोच, तपास करणारा तोच आणि खटला भरणाराही तोच. एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांची दोषसिद्धी रद्द केली. पुढे २०२४ मध्ये संसदेला कायदा करून उरलेल्यांची दोषसिद्धी एकगठ्ठा पुसावी लागली.

या प्रकरणात एक कागद आहे जो प्रत्येक नियामकाच्या भिंतीवर लावला पाहिजे. १५ जुलै २०१३ रोजी पोस्ट ऑफिसच्या बाहेरच्या वकिलांपैकी बॅरिस्टर सायमन क्लार्क यांनी लेखी सल्ला दिला की ज्या तज्ज्ञ साक्षीदाराच्या भरवशावर खटले चालले, त्याने प्रणालीतले माहीत असलेले दोष न्यायालयाला सांगितले नव्हते. त्याच्या साक्षीवर पुढे विसंबू नये. पुढच्याच महिन्यात, २ ऑगस्टला, बैठकांच्या नोंदी नष्ट करण्याविषयी त्यांना लेखी इशारा द्यावा लागला. दोषी ठरलेल्यांच्या हाती पहिला सल्ला आला तो २०२० मध्ये. मधली सात वर्षं तो कपाटात होता.

इथे विरोधक म्हणतील, मग स्वतंत्र वकील असून काय उपयोग झाला? आक्षेप रास्त आहे. त्या खटल्यांत न्यायालयात उभे राहणाऱ्यांत बाहेरचे बॅरिस्टरही होते. त्यांनी अशिलाने दिलेले कागद वाचले, न दिलेले मागितले नाहीत. म्हणजे वकील स्वतंत्र असणं पुरेसं नाही, त्याला कपाट उघडायचा अधिकार हवा आणि त्याचं 'नाही' अशिलाबाहेर कुणालातरी ऐकू जायला हवं. पण सगळं काम पगारी वकिलांकडे दिलं असतं तर तो १५ जुलैचा कागद लिहिला गेला असता का, याची मला दाट शंका आहे.

आर्थिक गुन्ह्यांच्या बाजूला दुखणं थोडं वेगळं आहे. सिरीयस फ्रॉड ऑफिस १९८७ च्या कायद्याने आलं. तपास करणारे आणि खटला चालवणारे एकाच छताखाली, सोबत बाहेरचे बॅरिस्टर, अशी त्याची रचना. २०१४ पासून त्याला कंपनीशी करार करायची मुभा मिळाली: कंपनीने ठरलेली वस्तुस्थिती मान्य करायची, दंड भरायचा, सुधारणा करायची, आणि खटला स्थगित ठेवायचा. न्यायाधीश मंजुरी देतात. रोल्स-रॉईसने २०१७ मध्ये ४९ कोटी ७० लाख पौंडांच्या वर रक्कम मान्य केली. त्यात भारतातल्या व्यवहारांचाही समावेश होता. दोन वर्षांनी व्यक्तींविरुद्धचा तपास बंद झाला. टेस्को या सुपरमार्केट साखळीच्या उपकंपनीने खोट्या हिशेबाबद्दल १२ कोटी ९० लाख पौंडांचा दंड मान्य केला, आणि ज्या अधिकाऱ्यांनी तो हिशेब केला म्हणून करारात लिहिलं होतं ते सगळे सुटले. दोघांच्या बाबतीत तर उत्तर देण्याजोगा खटलाच नाही असं न्यायाधीशांनी डिसेंबर २०१८ मध्ये म्हटलं. सरकारी कामांची कंत्राटं घेणाऱ्या सर्कोच्या उपकंपनीबाबत तेच. करार २०१९ चा, आणि दोन माजी संचालकांवरचा खटला २०२१ मध्ये कोसळला, कारण फिर्यादीने बचाव पक्षाला द्यायचे कागद नीट दिले नव्हते.

कंपनी म्हणते आम्ही गुन्हा केला, आणि तो करणारा माणूस मात्र कुणीच सापडत नाही. असं का होतं? करार करताना दोन्ही बाजूंचे वकील एकाच मेजाच्या एकाच बाजूला बसलेले असतात म्हणून, असं माझं निदान आहे. कंपनीला प्रकरण संपवायचं असतं, ऑफिसला आकडा हवा असतो. लिहिलेल्या वस्तुस्थितीची उलटतपासणी करायला कुणी उरत नाही. ज्याचं नाव त्यात गुंतलं त्याला त्या खोलीत खुर्ची नसते. दोन्ही बाजूंचं काम करणाऱ्या वकिलाचा गुण एकच: समोरचा काय म्हणेल हे आधीच ऐकू येणं. करारात तो कान बंद ठेवण्याचे पैसे मिळतात.

कागद देण्याच्या कर्तव्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण मोठे खटले इथेच बुडतात. फिर्यादीची बाजू कमकुवत करू शकेल किंवा बचावाला मदत करू शकेल असं जे काही हाती असेल ते द्यायचं, असा १९९६ च्या कायद्याचा दंडक आहे. कागद लाखांत असतात, म्हणून ते वाचले जात नाहीत, शोधले जातात, ठरावीक शब्द टाकून. शब्दांची यादी करताना संचालकाचं पूर्ण नाव टाकलं आणि सहकारी त्याला ज्या टोपणनावाने पत्रं लिहायचे ते राहिलं, की एक आख्खी पेटी नजरेआड. हे काम कनिष्ठ बॅरिस्टर तासाच्या दराने करतात. दोन-तीन वर्षांत माणसं बदलतात आणि आधीच्याने एखादा कागद का वगळला याची नोंद नसते. मुख्य वकील ती यादी खटल्याच्या तोंडावर पाहतो. युनाऑइल या कंपनीच्या लाचखोरी प्रकरणात तीन जणांची दोषसिद्धी २०२१ आणि २०२२ मध्ये रद्द झाली, तीसुद्धा कागद न दिल्यामुळेच. त्यामुळे अशा खटल्यांतून ज्युरी काढावी या सूचनेचं मला फारसं कौतुक नाही. फौजदारी न्यायालयांविषयीच्या २०२५ च्या लेव्हेसन अहवालातही ती आली आहे. वर सांगितलेल्यांपैकी एकही खटला ज्युरीला कळला नाही म्हणून बुडालेला नाही.

आपल्याकडे या कायद्याचे शब्द आलेले आहेत, हे कमी लोकांना माहीत असतं. भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात कलम ७अ घातलं, त्यात 'वाजवी रीतीने शक्य असेल तितकं' हे जसंच्या तसं होतं. कलम १०४अ ने सिद्ध करण्याची जबाबदारीही आरोपीवर टाकली, कलम ४० सारखीच. पण त्याबरोबर दंडाचा तक्ता आला नाही आणि दोन्हीकडून लढून तयार झालेले वकीलही आले नाहीत. मृत्यू झाला तरी किमान दंड २५,००० रुपये होता. त्या अधिनियमाच्या जागी आलेल्या २०२० च्या नव्या कामगार सुरक्षा संहितेत तो ५ लाखांवर गेला आणि त्यातला निम्मा मृताच्या वारसांना द्यायची सोय झाली. कारखाना केवढा, याचा त्या किमान आकड्याशी अजूनही संबंध नाही. डोंबिवली-तारापूरला स्फोट झाला की विशेष सरकारी वकील नेमा अशी मागणी होते. तो नेमला जातो तेव्हा पंचनामा होऊन गेलेला असतो आणि जबाब नोंदवून झालेले असतात.

हीच उशिराची खोड इंग्लंडमध्येही आहे, आणि माझा खरा आक्षेप तिथे आहे. अपघाताच्या दिवशी संध्याकाळपर्यंत मोठ्या कंपनीचे सॉलिसिटर आवारात हजर असतात. अंतर्गत चौकशी त्यांच्या सूचनेवरून सुरू होते, म्हणजे तिच्या अहवालावर वकील-अशील गोपनीयतेचा दावा करता येतो. आठवड्याभरात किंग्ज कौन्सेलशी बैठक होते. निरीक्षक त्या वेळी १९७४ च्याच कायद्याच्या कलम २० खाली सक्तीचे जबाब घेत असतो, आणि अशा जबाबातलं उत्तर खुद्द ते देणाऱ्याविरुद्ध वापरता येत नाही हे विसरून एखाद्या संचालकाचा जबाबही त्याच पद्धतीने नोंदवून ठेवतो. नियामकाचा बॅरिस्टर फाइल उघडतो तोवर अनेकदा वर्ष उलटलेलं असतं. संचालकावर व्यक्तिशः खटला भरण्यासाठी त्याच कायद्याचं कलम ३७ लावायचं तर त्याची संमती, डोळेझाक किंवा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. त्याचा पुरावा पहिल्या पंधरा दिवसांत गोळा झाला नाही तर पुढे मिळत नाही. मग खटला फक्त कंपनीवर उरतो. सदर्न वॉटरला जुलै २०२१ मध्ये कँटरबरी क्राउन कोर्टाने ९ कोटी पौंडांचा दंड केला, ६,९७१ वेळा बेकायदा सांडपाणी सोडल्याबद्दल. त्या खटल्यात आरोपी म्हणून फक्त कंपनी होती.

तेव्हा बॅरिस्टरांना एका बाजूला बांधण्यापेक्षा मृत्यूच्या किंवा मोठ्या प्रदूषणाच्या प्रकरणात यादीतला वकील नियामकाने दोन आठवड्यांच्या आत नेमावा. तो वकील मागेल तो कागद नाकारायचा असेल तर कारण लेखी द्यावं. साक्षीदार विश्वासार्ह नाही किंवा खटला भरू नये असा लेखी सल्ला आला, तर त्याची प्रत ॲटर्नी जनरलच्या कार्यालयात जावी. सल्ला गोपनीय राहील, पण तो दिला गेला हे लपणार नाही, आणि त्यातली तथ्यं आरोपीला द्यावीच लागतील. एकाच चेंबर्समधले दोघे समोरासमोर असतील तर त्यांचे कागद आणि तारखा एकाच क्लार्कच्या हाती असू नयेत. यादीतल्या वकिलाला मिळणारा तासाचा दर कंपनीकडून मिळणाऱ्या फीच्या पासंगालाही पुरत नाही. तो निदान इतका असावा की अ यादीतला माणूस नियामकाचं काम उपकार म्हणून करणार नाही.

आणखी एक गोष्ट. ऑक्टोबर २०१२ पासून क्राउन कोर्टात निर्दोष सुटलेल्या कंपनीला सरकारी तिजोरीतून वकिलाचा खर्च परत मिळत नाही. ते योग्य की अयोग्य यावर वाद घालता येईल, पण कमकुवत खटला भरल्याची किंमत त्यामुळे नियामकाला सहसा मोजावी लागत नाही. त्याला वेळेत थांबवू शकणारा माणूस बहुधा एकच असतो: नेमणुकीचा बॅरिस्टर, ज्याने गेल्याच वर्षी असाच खटला दुसऱ्या बाजूने लढून नियामकाला हरवलेलं आहे.